हळद कुणी दळायची

हट्टा, माघ, शके १८६८

सौ. चतुराबाईस आशीर्वाद.

आपली मनकर्णा शाळेतली कविता म्हणताना पाटीवर बोटांनी ताल धरायची, ती टकटक आज सारखी कानांत येऊन राहिली. मी खुशाल आहे. लेक जेवते, पण बोलत नाही.

लेकरू नाही म्हणून जावई दुसरं लग्न करून राहिले. थोरलीनं लग्नाची हळद दळली की तिची संमती झाली, असा इथला रिवाज. तिला विचारलं कुणीच नाही. सासू जात्यापाशी हळकुंडं ठेवून निघून गेली!

मी जाब विचारला, तर जावई म्हणतात, "मामा, दोघींना बराबर लुगडी घेईन. मग तकलीफ काहून?"

"दोघी एकमेकींच्या बराबर. तुमच्या बराबर कोण?"

हसले गं नुसते. मुंबई इलाख्यात हे कायद्यानं बंद झालं म्हणतात. इथं संस्थानात तो कायदा नाही, कुणाला सांगावं?

तुझे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? इकडचा घोर करू नकोस.

संतराम

ता. क. पत्र मिटत होतो, तर दारात ठरलेली नवरी, चांगुणा, एकटीच उभी. उंबऱ्याबाहेरूनच मनकर्णाला विचारते, "अक्का, तुमी हो म्हणलंय का?"