आस्लाउगच्या घरचा गेटवे

६ नोव्हेंबर
हॉस्पिटलचं फर्मान! दूरच्या गेटवेंवरचं, म्हणजे रुग्णांच्या घरच्या नेट-जोडणीच्या डब्यांवरचं, टेलनेट हे जुनं लॉगिन शुक्रवारपर्यंत बंद करा – त्यातून पासवर्ड उघडाच जातो. पासवर्ड झाकून नेणारं एसएसएच लॉगिन चालू करा, नाहीतर जोडणी तोडू.

बरोबरच आहे. पण स्कारव्हाया बेटावर आस्लाउगचं डायलिसिस घरीच चालतं, कारण यंत्राचे आकडे आमच्या गेटवेतून हॉस्पिटलला दिसतात. जोडणी तुटली तर म्हातारीला घर सोडून शहरात यावं लागेल. मी ते होऊ देणार नाही.

७ नोव्हेंबर
ऑफिसातला त्रून म्हणाला, "गुनवोर, बोटीने जा, हाताने कर, मोकळी हो." समुद्र खवळलेला. इथूनच करणार.

पद्धत ठरलेली: आधी दहा मिनिटांनी रीस्टार्ट लावून ठेवायचा. मग बदल. पुन्हा लॉगिन जमलं, तरच सेव्ह. आपणच बाहेर अडकलो, तर रीस्टार्टनंतर गेटवे सेव्ह न केलेलं विसरून जुन्या सेटिंगवर येतो.

८ नोव्हेंबर
अडकले. गेटवेत शिरायची परवानगी फक्त आमच्या ऑफिसच्या नेटवर्क-पत्त्याला दिली – जुन्या ऑफिसच्या! हरकत नाही, रीस्टार्ट होईल. झाला. तरी दार बंदच.

मी सेव्ह केलं होतं. लॉगिन तपासायच्या आधी!

त्रून: "सेव्ह? तू? आम्हाला धडे देणारी तू?"

हॉस्पिटललाही तेच दार बंद, त्यांना आकडे दिसत नाहीत. शेजारचा एविन आस्लाउगला मासेमारीच्या बोटीतून शहरात घेऊन गेला. त्या लाटांवरून. माझ्यामुळे.

९ नोव्हेंबर
साहेबांना स्वतःच सांगितलं. घाई होती की घमेंड? दोन्ही असावं.

११ नोव्हेंबर
एविन परतला. त्याला आस्लाउगच्या घरी बसवलं – मांडीवर लॅपटॉप, निळी केबल थेट गेटवेत, कानाला फोन. मी एकेक अक्षर सांगत होते.
"बाई, हळू! माझ्या एका बोटाखाली तीन बटणं येतात."
"पुसा. पुन्हा."
"पुन्हा? तुमच्यापेक्षा कॉड मासा बरा, एकदा गळाला लागला की लागला."

तिसऱ्या खेपेला इथून एसएसएचने आत शिरले. बाहेर पडले, पुन्हा शिरले. मग सेव्ह.

१२ नोव्हेंबर
हॉस्पिटलने तपासलं. मंजूर!

१३ नोव्हेंबर
आस्लाउगला फोन केला. "सगळं सुरू झालं, आता घरी जा."
"कशाला गं? इथे हॉस्पिटलात डायलिसिसला चौघीजणी शेजारी-शेजारी असतो. विणकाम, वॅफल, गप्पा. घरी दोन वर्षं त्या यंत्राशीच बोलत होते. मी इथेच राहणार. मला आधी कुणी विचारलंच नाही."

मीही नाही.