पुढे दिलेला प्याला

दिंडोरी

प्रिय रूथताई,

प्रभूच्या नावाने तुला आणि भाऊजींना सलाम. मी बरा आहे. द्राक्षांची तोडणी जोरात आहे, जेवण गरम मिळतं. तुझं बीपी कसं आहे? गोळ्या घेतेस ना?

इथल्या चर्चमध्ये प्रभुभोजनासाठी द्राक्षरस मीच काढून देतो. पण प्याला माझ्यापाशी आला की न पिताच पुढे सरकवतो. आधी भावंडाशी समेट, मग प्याला, असंच शिकलोय ना आपण. तू धर्माबाहेर लग्न केलंस म्हणून आईच्या कबरीवर मी तुला मूठभर माती टाकू दिली नाही. तुझी ती उघडी ओंजळ दिसते.

रोज पहाटे गुडघे टेकतो, म्हणून दिवस तरी निघतो. जीव मात्र थाऱ्यावर नाही.

ईस्टरच्या पहाटे आपल्या कबरस्तानात येशील? भाऊजींनाही आण. आधी तू माती टाक. मग मी प्याला घेऊ की नको, ते तूच सांग.

तुझा,
शमुवेल