लेथवरचा हार

थेरगाव, शुक्रवार

तीर्थस्वरूप मामांस, समाधानचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुमची गुडघेदुखी आणि मामींचा राग, दोन्ही कमी झाले असतील अशी आशा करतो. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये.) थेरगावहून पिंपळे गुरव ते केवढंसं, पण तुमचा फोन मामी स्पीकरवर ठेवतात आणि माझी गोष्ट स्पीकरवर सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र, हातोहात पाठवतोय.

काल चाकणला बैठक झाली. कामगार घडवणाऱ्या सगळ्यांनी एका विचाराने चालावं, हा विषय. कंपनीच्या विजयश्री मॅडम, आयटीआयचे ज्योतीराम सर, आणि प्रशिक्षण केंद्रातर्फे मी, बॅचसकट. चहा येईपर्यंत आम्ही एकमेकांचं भरपूर कौतुक केलं. मग मॅडमनी माझ्या बॅचमधल्या दिपालीला उभं केलं. पोरीने कांदा मार्केटातलं काम सोडून दोन वर्षं शिकण्यात घातली आहेत. तिच्या फायलीत पाच सर्टिफिकिटं निघाली, आणि पाचही हेल्मेट कसं घालावं याची! "लेथ चालवलंस का गं कधी?" मॅडमनी विचारलं. "न्हाई मॅडम," दिपाली म्हणाली, "पर लांबून बघितलंय."

उलगडा झाला तो असा, की आयटीआयला वाटायचं मशीन आम्ही शिकवतो, आम्हाला वाटायचं कंपनी शिकवते, आणि कंपनीला वाटायचं पोरं शिकूनच येतात. हेल्मेट मात्र प्रत्येकाने नेमाने शिकवलं, कारण ते प्रत्येकाकडे होतं. (आमच्या केंद्रात लेथ आहे हो. मोटर जळून तीन वर्षं झाली. खंडेनवमीला त्याला हार घालतो, एरवी त्यावर हजेरीची रजिस्टरं ठेवतो.)

मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून कंपनीतलं एक लेथ तुमच्या बॅचला देते, पण शिकवणारा पक्का हवा, नाहीतर बॅच रद्द. समोर वीस पोरंपोरी माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, सोमवारी आधी मी स्वतः सगळ्यांदेखत लेथवर लोखंडी दांडा कातून दाखवतो, बरोबर वीस मिलिमीटर जाडीचा, केसभर इकडेतिकडे झाला तर बोला! टाळ्या पडल्या. ज्योतीराम सरांनी ते तिथल्या तिथे कागदावर घेतलं, तिघांच्या सह्या झाल्या. आजवर आम्हा तिघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती नेमकी माझ्या मुळावर आली. कालपासून जेवण जात नाही. तुमच्या भाचेसुनेला ॲसिडिटी म्हणून सांगितलंय.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा,
समाधान

ता. क. मामा, मी अकरा वर्षांत लेथला हात लावलेला नाही. तुम्ही बोलावून शिकवत होता तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं. चुकलो. रविवारी तुमचं लेथचं वर्कशॉप बंद असतं, तेवढा दिवस मला द्याल का? शटर अर्धंच उघडा, कुणी बघायला नको.

ता. क. २. शटर पूर्ण उघडा. पाकीट चिकटवायच्या आधी दिपाली केंद्रात आली आणि राहवलं नाही, तिला सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, पोरगी रडेल नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "मग मी बी येते सर. मामा दोघांनाबी संगंच शिकवतील की." हेल्मेट आम्ही घेऊन येतो.