वैदेहीचे डोळे

ब्रह्माघाट, वाराणसी
५ सप्टेंबर २०२५

ती. नंदावन्संना,
कृ. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून पुन्हा कागद. बरंच आहे म्हणा. आजचा माझा संताप फोनमध्ये मावला नसता.

मागच्या आठवड्यात गणपतीत इथल्या मराठी मंडळानं निवेदिताचा सत्कार केला. सिनेमातली नटी, भोसले घाटावर शूटिंगला आली आहे. वडील रत्नागिरीकडचे, आई पोलंडची. ही आपली की परकी, यावर महिनाभर सगळ्यांच्या मोबाईलवर भांडणं चालली होती. ती समोर आली, गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, आणि बायका विरघळल्या. मंडळाची सेक्रेटरी तेजश्री, तिनं भाषणात सांगितलं की बघा, हे अस्सल कोकणस्थी डोळे! बिचारीनं माईक घेऊन खुलासा केला की बाबांचे डोळे काळे आहेत, हे माझ्या आईच्या आईचे. त्यालाही टाळ्या पडल्या. ऐकलं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तेजश्रीकडे गेले. नवरात्रात अष्टमीला मंडळात नऊ कुमारिकांची पूजा असते, त्यात आपल्या वैदेहीला बसवायचं फार मनात आहे. आठ वर्षांची झाली, आणखी किती वर्षं बसवणार? तर बाई म्हणतात, आई मणिपूरची ना, चेहरा जरा वेगळाच वाटतो. फोटो द्या, पोस्टरवर कसा दिसतो बघू. नटीची आई पोलंडची चालते, माझी सून मणिपूरची चालत नाही! सनातोंबी विद्यापीठात शिकवते आणि सकाळी माझ्याआधी तुळशीला पाणी घालते, हे कुणाला दिसत नाही. किळस आली, वन्सं. तेजश्रीनं हातावर ठेवलेला पेढा गिळवेना, येताना गलीतल्या गाईला घातला.

तरी फोटो काढून घेतला, उद्या तेजश्रीला नेऊन देईन. एक प्रत सोबत ठेवते; नऊवारीत गोड दिसते. फोटो काढल्यापासून तिला एक खूळच लागलं आहे. कुणी मोबाईल उचलला की डोळे हे एवढे मोठे करते. तिचा बाबा तर हसून लोळतो. केयूरला तुम्ही ओळखताच, अजून पोरच आहे.

गुडघ्यांना जपा. आहे ती माया अशीच राहू द्यावी.

तुमची,
कालिंदी


नागपूर
१३ सप्टेंबर २०२५

सौ. कालिंदीस,
अ. उ. आ.

तुझा संताप पोचला. तेजश्रीला मी ओळखत नाही, पण एव्हाना तिला उचक्या लागून पुरे झालं असेल.

आता माझं ऐक. मी कानांनी गेले आहे, डोळ्यांनी नाही. वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन तो फोटो पाहिला. जिवणी वैदेहीची, कुड्या मी दिलेल्या, पण डोळे कुणाचे गं? मे महिन्यात पंधरा दिवस ती माझ्याकडे होती, रोज मी तिची वेणी घालत होते. हसली की तिचे डोळे दिसेनासे होतात आणि मला तेच आवडतं. फोटोतली मुलगी मी पाहिलेली नाही. रंगही उजळलाय. हे स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं केलं का?

आम्ही तुला बघायला आलो तेव्हा तुझ्या आईनं तुला इतकी पावडर थापली होती की घामाचे ओघळ मानेवर दिसत होते. तू ती गोष्ट आता सगळ्यांना हसून सांगतेस. त्या दिवशी तू हसत नव्हतीस. मी समोरच बसले होते.

पोरगी डोळे मोठे करते, ते वाचून मला हसू आलं नाही. हे तिला कुणी शिकवलं ते विचार.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लिही. तुझ्यावरचा माझा जीव तुला ठाऊक आहेच.

तुझी,
नंदा


ब्रह्माघाट, वाराणसी
१ ऑक्टोबर २०२५

ती. नंदावन्संना,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही विचारलंत ते खरं होतं आणि मला अष्टमी हवी होती.

स्टुडिओवाल्याला मीच सांगितलं होतं. डोळे जरा मोठे कर, रंग थोडा उजळ कर. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. वैदेही शेजारच्या स्टुलावर बसून कॉम्प्युटरकडे बघत होती. स्वतःचे डोळे मोठे होताना तिनं पाहिले. लहान आहे, तिला काय कळतंय, असं मी धरून चालले. केयूर-सनातोंबीला काही बोलले नाही.

फोटो बघून तेजश्रीनं तिथल्या तिथे नाव घातलं. म्हणाली, अगदी तुमच्यावर गेली आहे हो! आणि वन्सं, मला आनंद झाला.

काल पूजा झाली. नववा पाट वैदेहीचा. पाय धुणं, कुंकू, ओटी, आरती, सगळं मिळून पाऊण तास. पोरीनं सारा वेळ डोळे ताणून धरले होते, पापणी लवू देत नव्हती. डोळे लाल झाले, गालांवरून पाणी वाहायला लागलं. बायका म्हणाल्या, धूर गेला असेल. एक म्हणाली, देवीच प्रसन्न झाली. तेजश्रीनं तर तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

गलीतून घरी येताना मी विचारलं, बेटा, रडत का होतीस? ती म्हणाली, रडत नव्हते. डोळे मिटले असते तर ते परत छोटे झाले असते, आणि मग मला पाटावरून उठवलं असतं. थोडं चालल्यावर तिनं माझा हात ओढला आणि विचारलं, आजी, आता मिटू का?

मी तिथेच एका ओट्यावर बसले. तेजश्रीनं फक्त फोटो मागितला होता. माझ्या नातीचे डोळे फोटोतून पुसून टाकायला मी लावले होते. त्या बायकांची किळस आली म्हणून तुम्हाला केवढं लिहिलं होतं मी! ती सगळी माझ्याच तोंडावर येऊन पडली आहे.

सनातोंबी बाजारातून येईलच. तिला सगळं सांगणार आहे आणि ती जे बोलेल ते खाली मान घालून ऐकणार आहे. तुमच्याकडचा फोटो फाडून टाका.

माझ्यावर काही लोभ उरला असेल, तर तो आता वैदेहीवर असावा.

कालिंदी