रुचिता रडत नाही

हेमा,

आपण दोघी बहिणी, आणि आपली तक्रार एकच. आपल्याला काय होतंय हे कुणी विचारत नाही, चंद्र कुठल्या राशीत ते बघतात. मी चिडले की मेष, तू रडलीस की कर्क. लग्नात तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "कर्केची सून म्हणजे घरात गळका नळ. नाव रुचिता ठेवा. 'रु'ची तूळ रास येईल, समतोल राहील." तांदळात नाव लिहिलं आणि तुझा स्वभावही बदलला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

परवा तुझं बाळ गेलं. काल मी डोंबिवलीला आले, तेव्हा तू त्याच्या दुपट्याची घडी घालत होतीस, मोडत होतीस, पुन्हा घालत होतीस. सासूबाई आल्यागेल्यांना सांगत होत्या, "बघा, डोळ्यांत टिपूस नाही. नावाचा गुण!" मी ओरडले, तर मान हलवून म्हणाल्या, "मेषच ती."

"ताई, मी बरी आहे गं," तू म्हणालीस. तुझे हात गार पडले होते.

सासूबाई फोन स्पीकरवर ठेवायला लावतात, पत्र आधी त्याच फोडतात. म्हणून हे माझ्याकडेच राहील. तरी सांगते, पोरी, रड. मोठ्याने, त्यांच्यासमोर, आजच रड.

तुझी ताई,
आसावरी
कोपरी, ठाणे