‘कीप’ या क्रियापदाचा कोरा रकाना

मी, खाली सही करणारी, शब्दकोशाच्या कचेरीतून निवृत्त झालेली संपादिका, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने सोबतचा डॉक्टरीणबाईंचा दाखला वाचावा.

१. माझे राहते घर, सामानसुमानासह, माझ्या मुलीला द्यावे. ती माझ्या पोटची नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी नर्स तिला “दोन दिवस सांभाळा” म्हणून माझ्याकडे सोडून गेली, ती परत आलीच नाही. तेव्हा मी ‘कीप’ या इंग्रजी क्रियापदाची नोंद करत होते. ठेवणे, राखणे, टिकणे, शब्द पाळणे, कोंबड्या पाळणे, करतच राहणे. टेबलभर चिठ्ठ्या पसरलेल्या. पोरीने त्यांवर दूध सांडले आणि एवढेसे तोंड करून विचारले, “आता मला नाही ना ठेवून घेणार?” आमच्याकडे प्रत्येक अर्थाखाली कोणीतरी खरोखर बोललेले वाक्य लागे. ‘ठेवून घेणे’खाली मी तेच लिहिले. ते छापलेले आहे.

२. धाकट्या भावाला भिंतीवरचे घड्याळ द्यावे. वेळेवर येण्याची सवय या वयातही लागू शकते. घरावर तो हक्क सांगणार, हे मी जाणून आहे. “ताई, जिचं कूळ ना मूळ, तिला घर कसलं देतेस?” असे तो परवा तिच्यादेखत म्हणाला. ती चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझ्या जिवाला ते फार लागले.

तर भाऊराया, नीट वाच. ‘कीप’ कुठून आले, हे भल्याभल्यांना सांगता आलेले नाही. जुन्या इंग्रजीत ते एकदम समोर येते, तेव्हा त्याच्या अर्थांत लक्ष देणे, वाट पाहणेही होते. शेजारच्या भाषांत त्याचा खात्रीचा एकही भाऊबंद सापडत नाही. कचेरीचा नियम असा होता, की मूळ कळले नाही तर व्युत्पत्तीचा रकाना कोरा सोडायचा, अंदाज ठोकायचे नाहीत. पण म्हणून शब्दाला कोणी बाहेर काढले नाही. ‘कीप’ला आम्ही अख्खी दोन पाने दिली.

३. सहसंपादकांना माझे भिंग द्यावे. ‘कीप’खाली ‘सांभाळणे’ हा अर्थ पहिला घ्या, म्हणून मी घसा कोरडा केला, तरी त्यांनी ‘ठेवणे’च पहिले छापले. भिंगातून तरी चूक दिसेल. बाकी माणूस सोन्यासारखा. मुलीला शाळेत घालताना जामीन म्हणून त्यांनीच सही केली होती.

४. माझ्या मृत्यूची नोंद करायला मुलगीच जाईल. तिथे ‘मयताशी नाते’ असा रकाना असतो. ती अडखळेल, शाळेच्या कागदांवरही अडखळायची. बाळ, हा रकाना कोरा सोडायचा नाही. तिथे ‘मुलगी’ लिहायचे, आणि शाईने.

साक्षीदार : तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, समोरचे शिंपीकाका
ठिकाण : स्वयंपाकघरातले टेबल, दुधाच्या डागापाशी
दिनांक : ९ फेब्रुवारी
सही : तिची आई