शहाणी झालेली निकिता

नाशिक, ३ नोव्हेंबर २०२५

ती. विमलताईस, भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर निकिताचे कान इकडेच असतात, म्हणून पत्र. माझी किडनी तिला बसवून वर्ष झालं. रिपोर्ट चांगले आहेत, पण ताई, पोरगी काहीतरी लपवतेय. कारल्याच्या भाजीवरून घर डोक्यावर घेणारी ती, आता पानात पडेल ते मुकाट्यानं खाते. औषधांनी चेहरा सुजलाय, तरी शाळेबद्दल हूं की चूं नाही. सगळ्याला ‘हो आई’. गोळ्या घेतल्या की न सांगता जीभ बाहेर काढून दाखवते. इतकं शहाणपण मला खरं वाटत नाही. गोळ्या गुपचूप टाकत असली तर किडनी जाईल गं! मी कचऱ्याचा डबा उपसते, गादीखाली हात घालते. काहीच सापडत नाही, म्हणून जास्तच धास्ती वाटते.

डॉक्टरांनी परवानगी दिलीय. शनिवारी हे तिला आठवडाभर तुझ्याकडे सोडतील. पाळत ठेव. भाचीवर आहे त्यातली थोडी माया माझ्यावरही असू दे.

तुझी भाग्यश्री

नांदगाव, १२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस, अ. उ. आ.

ठेवली बाई पाळत. गोळ्या वेळेवर, माझ्यासमोर घेते. आणि शहाणी कसली! कॅरमची राणी लपवली म्हणून माझ्या रविराजशी अशी भांडली की शेजारच्या सावित्रीबाई डोकावून गेल्या. मला लय हसू आलं.

मेथी निवडताना मी विचारलं, आईशी का नाही गं अशी भांडत? तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली की आईनं स्वतःची किडनी दिली, तिच्याशी भांडायचं कसं? दवाखान्यातून आली तेव्हा जो भेटायला आला तो सांगून गेला म्हणे, आता आईला दुखवू नकोस. शाळेत मुली चेहऱ्याला हसतात, तेही तुझ्यापासून लपवते. इथं माझ्या कुशीत रडली. हे डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि गादीखाली शोधणं बंद कर. मोठी आहे म्हणून बोलले, राग मानू नकोस.

तुझी ताई

नाशिक, २४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच डॉक्टरांना भेटले. डॉक्टरांनी मुलांशी बोलणाऱ्या एका बाईंकडे पाठवलंय. मी निकिताला सांगितलं, किडनी दिली ती दिली, तू खुशाल भांड माझ्याशी. त्यावरही ‘हो आई’! मला पुन्हा संशय.

काल मुद्दाम कारलं केलं. ताई, ताट सरकवून ओरडली, की तू सारखी माझ्यामागे असतेस, माझं दप्तरसुद्धा तपासतेस! खालच्या झुंबरबाई धावत वर आल्या. मी ओट्याशी उभी राहून रडले, आनंदानं.

मग तिनं आपणहून गोळ्या घेतल्या. मी बघायला गेले नाही. तरी तिनं जीभ काढलीच, मला वेडावून दाखवायला.

तुझी भाग्यश्री